सोलरचा आकडा दारात, धर्मादाय खाटांचा बोर्ड कुंडीमागे. ह्याला सामाजिक बांधिलकी म्हणायचं का?

टमटमवाला (धागाकर्ता)

मंडळी, डोकं तापलंय म्हणून धागा काढतोय, भाषा जरा इकडंतिकडं झाली तर सांभाळून घ्या.

आमच्या जिल्ह्याच्या गावात ट्रस्टचं एक मोठं हॉस्पिटल आहे, नाव घेत नाही. मागच्या महिन्यात सासरे मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, तिकडं नेलं. आत शिरलं की समोरच मोठी स्क्रीन, आज सोलरवर इतके युनिट वीज झाली, इतकी झाडं वाचली, शेजारी ट्रस्टी मंडळींचा फावडं हातात धरून हसतानाचा फोटो आणि खाली 'आमची सामाजिक बांधिलकी'. काउंटरवर विचारलं की धर्मादाय योजनेतला बेड मिळेल का, तहसीलदाराचा अडीच लाखांचा दाखला आहे (नातवाच्या स्कॉलरशिपसाठी काढलेला, नशिबाने गाडीत होता). मुलगी म्हणाली फुल आहे, डिपॉझिट भरा. म्हटलं बोर्ड दाखवा. तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं अरेका पामची माणसाएवढी कुंडी आणि तिच्यामागं बोर्ड! पानं हातानं बाजूला करून वाचला, शिल्लक खाटांच्या रकान्यातली तारीख चार महिन्यांपूर्वीची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रस्टच्या हॉस्पिटलांना जमीन, कर वगैरेत सवलती मिळतात, त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. ह्यांच्याकडून डिपॉझिट मागता येत नाही. २००६ पासून ही योजना चालू आहे, म्हणजे काउंटरवरच्या मुलीला नवीन असेल पण हॉस्पिटलला नाही.

शेवटी ओळखीतल्या एकाने फोन फिरवला आणि तासाभरात बेड 'निघाला'.

माझं म्हणणं एवढंच की सोलर लावलं तर वीजबिल तुमचं वाचलं, त्यात समाजाचं काय? झाडं लावायला कायद्याची सक्ती नाही म्हणून ती हौसेनं लावायची आणि जी सक्ती आहे ती कुंडीमागं ठेवायची. पटतंय का बघा.

हिशेबनीस

बोर्ड लपवणं चूकच, त्यावर वाद नाही. पण बाकीचं एकतर्फी लिहिलंय. मी एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये १४ वर्षं आहे (तुमच्या गावातलं नव्हे). गरिबांच्या उपचाराचे पैसे येतात कुठून ते सांगतो. बाकीच्या पेशंटांच्या एकूण बिलिंगचे २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात. महिन्याचं बिलिंग १ कोटी धरा, २ लाख झाले. २ लाखांत किती खुबे बसतात? दोन आयसीयू पेशंट आले की दहा तारखेलाच निधी उणे. वरचा खड्डा हॉस्पिटलच भरतं. सरकारी योजनांचे पैसे आमच्याकडं किती महिन्यांनी येतात ते विचारूच नका.

वीजबिल हा आमचा पगार आणि औषधांनंतरचा मोठा खर्च आहे. ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) एसी घरच्यासारखा नसतो, तासाला २० वेळा हवा बदलावी लागते, रात्री केस नसली तरी पूर्ण बंद करता येत नाही. सोलरमुळं जे वाचतं ते त्याच खड्ड्यात जातं. म्हणून सोलर म्हणजे स्वतःचा फायदा हे वाक्य ऐकायला छान आहे पण हिशेबात बसत नाही. तोट्यातलं हॉस्पिटल कुणाला मोफत बेड देणार, सांगा ना.

कोरडा_विनोद

ते खड्ड्यात जातं ह्याचा काही पुरावा? सोलर लावल्यावर रूमचं भाडं कमी केलेलं एक हॉस्पिटल दाखवा, मी माझ्या खर्चानं त्यांच्या दारात वडाचं झाड लावतो. कुंडीत नाही, जमिनीत.

सिस्टर_माय

२२ वर्षं वॉर्डात काढली म्हणून बोलते. सोलर आणि झाडं राहू द्या बाजूला, हॉस्पिटलचं पर्यावरण बघायचं असेल तर रात्री नऊ वाजता स्लुइस रूममध्ये (वॉर्डातली घाण-कचरा ठेवायची खोली) जाऊन पिशव्या बघा. पिवळीत रक्ताची ड्रेसिंग, कापलेले भाग, ते जाळायला जातं. लालमध्ये सलाईनचे सेट, कॅथेटर, ग्लोव्हज, ते निर्जंतुक करून तुकडे करून रिसायकलला. पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच. २०१६ चे नियम आहेत, ४८ तासांच्या आत उचलायचं, पिशवीला बारकोड. कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात नातेवाईक वडापावचा कागद पिवळ्यात टाकतात, नवीन इंटर्न सगळं जवळच्या डब्यात टाकतो, आणि वॉर्डबॉय एकटाच असला की लाल-पिवळं एकाच ट्रॉलीत कोंबतो. एकदा मी पिवळ्या पिशवीतून अख्खी उसळपोळी काढली होती, डब्यासकट.

हॉस्पिटलच्या कचऱ्यातला ८५ टक्के भाग घरच्यासारखाच साधा असतो. तो पिवळ्यात गेला की तोही जळतो. ह्यासाठी काही कोटी लागत नाहीत, वॉर्डात एक माणूस जास्त लागतो. पण माणसाचा फोटो काढून स्क्रीनवर लावता येत नाही ना.

शिवाजीनगरचा_बाळ्या

सिस्टर, आणि ती जाळतात कुठं हे पण लिहा की. माझं बालपण गोवंडीत गेलंय. मुंबईभरच्या हॉस्पिटलांचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या वस्तीशेजारी जळायचा, एका बाजूला देवनारचं डंपिंग, दुसऱ्या बाजूला ही चिमणी. लोक हायकोर्टात गेले, मग ते हलवायची भाषा सुरू झाली. दक्षिण मुंबईतलं हॉस्पिटल 'ग्रीन' आणि धूर आमच्याकडं. उसळपोळी जळण्याचा वास कुणाला येतो ते पण मोजा स्क्रीनवर.

हिशेबनीस

बाळ्याभाऊ, त्याला हॉस्पिटल काय करणार? ७५ किलोमीटरच्या आत सगळ्या हॉस्पिटलांचा कचरा घेणारा सामायिक प्रकल्प असेल तर स्वतःचा भट्टीप्रकल्प टाकायला नियमानंच मनाई आहे. कचरा त्यांच्याच गाडीत द्यावा लागतो.

शिवाजीनगरचा_बाळ्या

कमी द्या.

भूलतज्ज्ञ_बाई

कमी देता येतो, आणि उदाहरण भारतातलंच आहे. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं. तिथल्या मोतीबिंदूच्या एका फेको (बारीक छेदातून करायच्या) ऑपरेशनमागं साधारण ६ किलो कार्बन डायऑक्साइड जातो, ब्रिटनमध्ये तेवढ्याच ऑपरेशनला १३० किलोच्या आसपास. कचरा एका ऑपरेशनला पाव किलो. कापडी गाऊन, कापडी ड्रेप (पेशंटवर पसरायचं कापड), धुवून ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून) परत, उपकरणांचे सेट झटपट निर्जंतुक करून पुढच्या पेशंटला, एका थिएटरमध्ये एकापेक्षा जास्त टेबलं. इन्फेक्शनचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त नाही. आणि त्यांचे जवळपास निम्मे पेशंट मोफत किंवा नाममात्र पैशांत. धागाकर्त्यांनी 'हिरवं की गरीब' असं जे भांडण लावलंय ते तिथं नाहीच आहे.

माझ्या खात्यातलं पण सांगते. डेसफ्लुरेन नावाचा भुलीचा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट तापवणारा आहे, स्कॉटलंडनं २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयांतून बंद केला. त्याच्याऐवजी सेव्होफ्लुरेन, तेही कमी फ्लोवर (मिनिटाला कमी लिटर वायू सोडून) चालवलं की पेशंटला काही फरक पडत नाही आणि बाटली दुप्पट दिवस जाते. नॉबला हात लावायचा फक्त. माझ्या ओटीत नवीन मुलं फ्लो सहा लिटरवर सोडून मोबाईल बघत बसतात, मी जाऊन एकवर आणते, ते परत वाढवतात. अशी आमची क्रांती.

डॉ_संशयात्मा

मॅडम, अरविंदचं उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं पण ते फसवं आहे. दिवसभर एकच ऑपरेशन, स्वच्छ केस, दहा-पंधरा मिनिटं. माझ्याकडं सकाळी हर्निया, दुपारी फुटलेलं आतडं, संध्याकाळी ट्रॅक्टरखाली आलेला पाय. कापडी ड्रेप ओला झाला की जंतू आरपार जातात. परत वापरलेल्या वस्तूमुळं इन्फेक्शन झालं तर ग्राहक आयोगात मी उभा राहणार, पर्यावरणवादी नाही. डिस्पोजेबल ही चैन नाही, एचआयव्ही-हिपॅटायटिसच्या काळात शिकलेला धडा आहे. काचेच्या सिरिंज उकळून वापरायचे दिवस मी पाहिलेत, परत नकोत.

भूलतज्ज्ञ_बाई

सिरिंज उकळा असं कोण म्हणतंय सर? मी म्हणते की हर्नियासाठी २८ वस्तूंचं किट फोडून त्यातल्या ९ वापरायच्या आणि उरलेल्या न वापरता लाल-पिवळ्यात टाकायच्या, हे कुठल्या जंतूसाठी?

टमटमवाला (धागाकर्ता)

बाई, तुम्ही किटचं बोललात म्हणून सासऱ्यांचं बिल परत काढून बसलो. दुर्बल घटकात औषधं आणि साहित्याच्या खर्चातला निम्मा वाटा आम्हाला भरावा लागतो, त्यामुळं यादी हातात आहे. एका ऑपरेशनला आणि पाच दिवसांच्या मुक्कामाला: एक्झामिनेशन ग्लोव्हज ३ बॉक्स (बॉक्समध्ये १००), सर्जिकल ग्लोव्हज २२ जोड, अंडरपॅड ३०, गाऊन ११, टोप्या २५. आमचे सासरे काय वऱ्हाड घेऊन गेले होते का आत? सगळं आधी आमच्या बिलात आणि मग लाल-पिवळ्या पिशवीत!

म्हणजे मी धाग्यात जे लिहिलं ते अर्धं मागं घेतो. कचरा कमी झाला तर माझं बिल कमी होतं, असल्या हिरवेपणाला माझी ना नाही. पण मग स्क्रीनवर सोलरच का? ग्लोव्हज का नाही?

कोरडा_विनोद

कारण सोलरमध्ये हॉस्पिटलचे पैसे वाचतात आणि ग्लोव्हजमध्ये तुमचे. फार्मसी हॉस्पिटलचीच ना? मार्जिन एमआरपीवर. टोपी जितकी जास्त तितकी कमाई जास्त. अरविंदवाले एका ऑपरेशनचा आधीच ठरलेला दर घेतात, म्हणून वाचलेला गाऊन त्यांचा फायदा. तुमच्याकडं वस्तूगणिक बिल, म्हणून वाचलेला गाऊन तोटा. ह्यात पर्यावरणाचा काही संबंध नाही, साधा किराणा हिशेब आहे.

हिशेबनीस

विनोदराव, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत व्हावं लागतंय, त्रास होतोय. फक्त एक सांगतो, धर्मादाय पेशंटला साहित्य खरेदी किमतीनं लावायचं असतं, मार्जिन न धरता. टमटमवाले, बिलात एमआरपी लावलीय का बघा. लावली असेल तर थेट धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करा, जिल्ह्याला ऑफिस असतं. आणि महात्मा फुले योजनेत पॅकेजचा दर ठरलेला असतो, तिथं मी स्वतः बघितलंय, त्याच ऑपरेशनला त्याच ओटीत टोप्या आपोआप कमी लागतात. का ते समजून घ्या.

पण सोलरबद्दलचं माझं मत कायम आहे. तुम्ही त्याला सेवा म्हणू नका, मी त्याला ढोंग म्हणू देणार नाही.

डॉ_संशयात्मा

३ बॉक्स ग्लोव्हज मलाही जास्त वाटतात. तरी सर्जनला दोष देऊ नका, बिलात काय चढतं हे आम्हाला दिसतही नाही.

सिस्टर_माय

सर, दिसत नाही कारण बघत नाही. इंडेंटवर (साहित्याच्या मागणीच्या कागदावर) सही तुमची असते, ती रात्री दीडला मी घ्यायला येते आणि तुम्ही न वाचता करता. २२ वर्षांत एकानं वाचून केली, त्याची बदली झाली.

टमटमवाले दादा, सासऱ्यांना सांगा पाय खाली सोडून बसायची घाई नको, आणि मोरीत रबरी पायपुसणं टाका आधी.

टमटमवाला (धागाकर्ता)

टाकलं, सिस्टर. पाचव्या दिवशी घरी आणलं, आता वॉकरवर आहेत आणि सगळ्यांवर ओरडतायत, म्हणजे बरे आहेत.

हिशेबनीस, बिलात एमआरपीच लावलीय, तिन्ही बॉक्सना. काल अर्ज टाइप करून घेतला, सोबत बोर्डाचा फोटो जोडायचा होता म्हणून टाके काढायला गेलो तेव्हा मोबाईल काढला. सिक्युरिटीवाला आला, म्हणाला फोटो अलाऊड नाही. म्हटलं झाडाचा काढतोय. तर म्हणाला मग काढा, आणि स्वतःच पानं धरून बाजूला झाला.