जपानचे फूड नियम खरंच सेफ्टीसाठी आहेत की आयात अडवायला?

रानपाखरू:
एक शंका आहे, जाणकारांनी सांगा. जपानची अन्नातली स्वयंपूर्णता कॅलरीच्या हिशोबाने फक्त 38 टक्के आहे, 1965 मध्ये 73 होती. ज्या देशाचं बाहेरच्या मालाशिवाय पान हलत नाही तो कीटकनाशकाच्या अंशाला 0.01 पीपीएम (दहा लाख भागांत 0.01 भाग) एवढी कडक मर्यादा का लावतो? मित्र म्हणतो हे नुसतं आयात अडवायचं निमित्त आहे. खरंय का?

खारीचा वाटा:
मला नाही पटत. 0.01 सरसकट नाहीये आधी हे बघा, ज्या औषधाला ज्या पिकावर वेगळी मर्यादा ठरवलीय तिथे तीच चालते, ठरवलेलीच नसेल तर 0.01. पॉझिटिव्ह लिस्ट म्हणतात ती ही पद्धत मे 2006 पासून आली. त्याआधी मर्यादा न ठरलेलं औषध सापडलं तरी माल थांबवायला कायद्यात नीट आधारच नव्हता, आणि 2002 मध्ये चीनच्या फ्रोझन पालकात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक निघालं तेव्हा लोक भडकले होते. शिवाय हा नियम जपानी शेतकऱ्यालाही तसाच लागू आहे, शेजारच्या शेतातून फवारा उडून आला तरी त्याचा माल अडकू शकतो.

त्रास होतो तो दुसरीकडे. साध्या मॉनिटरिंगमध्ये सॅम्पल घेतात आणि माल सोडतात, पण एखाद्या देशाच्या मालात दोष निघाले की इन्स्पेक्शन ऑर्डर म्हणजे प्रत्येक खेप तपासायचा हुकूम निघतो, मग रिपोर्ट येईपर्यंत खेप गोदामात पडून आणि टेस्टचा खर्च आयातदाराच्या माथी. 2012 मध्ये भारतीय कोळंबीचं हेच झालं, खाद्य खराब होऊ नये म्हणून त्यात घालतात ते इथॉक्सीक्विन कोळंबीत उतरलं, त्याला वेगळी मर्यादा नव्हती म्हणून थेट 0.01 लागलं. ज्याने तळ्यात नुसतं विकतचं खाद्य टाकलं त्याला हे कुठून कळणार, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दर्यावर्दी:
वरच्यांशी सहमत. आयात कुठे अडवलीय ते बघायचं तर तांदूळ बघा. कोट्याबाहेर आणलात तर किलोमागे 341 येन ड्युटी! कोटा साधारण 7.7 लाख टनांचा, त्यातलाही बराचसा माल पशुखाद्य आणि प्रक्रियेला जातो, लोकांच्या ताटात कमीच येतो. उलट पशुखाद्याचा मका जवळपास सगळा बाहेरून येतो, त्याला कोणी अडवत नाही. अंडी तिथलीच पण कोंबड्यांचं खाद्य परदेशी, म्हणून कॅलरीच्या त्या 38 टक्क्यांत अंड्यांचा वाटा अगदीच किरकोळ धरतात.

आणि भाव पडू नयेत म्हणून तांदळाचं पीक मुद्दाम कमी घ्यायला लावायचं धोरण 1970 च्या सुमारास सुरू झालं ते 2018 पर्यंत चाललं. 2025 च्या वसंतात 5 किलोची पिशवी 4,000 येनच्या वर गेली, वर्षभरापूर्वी निम्म्याच्या आसपास होती. सरकारला राखीव साठा काढावा लागला, आणि कंपन्या ती 341 येनची ड्युटी भरूनही बाहेरचा तांदूळ आणायला लागल्या.

रानपाखरू:
बापरे. मग ड्युटीच कमी का करत नाहीत?

दर्यावर्दी:
करायला हवी असं मलाही वाटतं, पण एकदम नको. तिथल्या मुख्य शेतकऱ्यांचं सरासरी वय 69 च्या आसपास आहे, भाव कोसळले तर ते शेती सोडतील आणि ती जमीन कसायला मागे कोणी नाही. आधी थेट अनुदान द्या, मग ड्युटी हळूहळू उतरवा.

खारीचा वाटा:
अनुदान मोठ्या शेतीवाल्यांनाच मिळणार नाही एवढं बघायला पाहिजे मात्र, डोंगरातल्या लहान खाचरांवरच तर म्हातारी माणसं राबतायत.