पाउला मोडरझोन-बेकरने स्त्रीदेह ‘विद्रूप’ केला, हे मला मान्य नाही

माळरान (धागाकर्ती)

‘चित्रकथी’ यांनी गेल्या आठवड्यात येथे लिहिले की पाउला मोडरझोन-बेकर या जर्मन चित्रकर्तीने स्त्रीदेहाचे सौंदर्य घालवले आणि प्रतिष्ठाही. त्यांच्या मते तिच्या चित्रांतल्या स्त्रिया बोजड, निर्बुद्ध आणि केवळ पोरे वाढवण्यासाठी जन्मलेल्या दिसतात. आणि ती एकतिसाव्या वर्षी बाळंतपणानंतर गेली नसती तर तिचे नाव कोणी घेतले नसते. दोन ओळींचा प्रतिसाद देऊन हे सोडून देणे मला जमले नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

२५ मे १९०६ रोजी, लग्नाच्या वाढदिवशी, तिने पॅरिसमध्ये रंगवलेले आत्मचित्र घ्या. ती कमरेपर्यंत उघडी आहे, गळ्यात अ‍ॅम्बरच्या मण्यांची लांब माळ आहे, कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेले आहे, आणि एक हात पोटाच्या वर तर दुसरा पोटाखाली आहे. पोट पुढे आलेले दिसत असले तरी ती त्या वेळी गरोदर नव्हती; मुलगी झाली ती १९०७ च्या नोव्हेंबरात. नवरा ऑटो मोडरझोन याला जर्मनीतल्या वोर्प्सवेडे गावी सोडून ती फेब्रुवारीतच निघून आली होती, आणि चित्राखाली तिने जी आद्याक्षरे घातली त्यांत नवऱ्याच्या आडनावाचे अक्षर नाही. इतके सगळे माहीत असताना त्या पोटाकडे बोट दाखवून ‘बघा, हिला स्त्री म्हणजे फक्त आई वाटते’ असे कसे म्हणता येते? नग्नचित्रातली बाई बघणाऱ्यासाठी पहुडलेली असते, ही युरोपातली शतकांची रीत. इथली बाई उभी आहे, मान किंचित कलवून समोर बघते आहे, आणि तिचा देह तिच्या स्वतःच्या हातांत आहे. त्वचेवर चकाकी नाही, कमरेला नाजूक वळण नाही, कारण कोणाला भुलवण्याचे काम त्या देहाकडे दिलेलेच नाही.

चित्रकथी

आपण माझ्या लेखातला सर्वांत सोपा भाग उचललात. ‘निर्बुद्ध’ हा माझा शोध नाही. खुद्द ऑटोने १९०३ मध्ये रोजनिशीत लिहून ठेवले आहे की तिच्या चित्रांत हात चमच्यांसारखे, तोंडे जखमांसारखी आणि चेहरे मतिमंदांसारखे होतात. आणि तो काही तिचा वैरी नव्हता, तिची गुणवत्ता ओळखणाऱ्या मोजक्या लोकांपैकी होता.

आता १९०६ मधलेच आडव्या पहुडलेल्या आई-मुलाचे चित्र पाहा. आई विवस्त्र, कुशीवर वळलेली, गुडघे दुमडलेले, आणि तिच्या देहाच्या खोबणीत मूल. त्या बाईला नाव नाही, विचार नाही, काळ नाही. हेच चित्र एखाद्या पुरुषाने काढले असते तर आपणच त्याला स्त्रीला जनावराच्या पातळीवर आणणारा म्हटले असते. फ्रेंच चित्रकार गोगँ याने रंगवलेल्या ताहिती बेटावरच्या स्त्रियांबद्दल या संकेतस्थळावर हेच म्हटले गेले आहे, आणि पाउला तर गोगँच्या चित्रांवरूनच शिकली. मग तराजू दोन का? या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

ब्रेमेनकर

मी ही चित्रे ब्रेमेनच्या ब्योटशरश्ट्रासेवरील तिच्या संग्रहालयात अनेकदा पाहिली आहेत. लुडविग रोझेलियुस या कॉफीच्या व्यापाऱ्याने ते १९२७ मध्ये उभारले. एका स्त्री-चित्रकाराला वाहिलेले ते जगातले पहिले संग्रहालय मानले जाते. संगणकाच्या पडद्यावर पाहून ‘बोजड’ म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रत्यक्ष पृष्ठभाग पाहावा. रंगाचा थर जाड आहे, आणि तो ओला असताना तिने कुंचल्याच्या दांड्याने त्यावर ओरखडे काढले आहेत. जुन्या भिंतीच्या गिलाव्यासारखी ती त्वचा दिसते. हे न जमल्यामुळे झालेले नाही, ठरवून केलेले आहे.

आणि हा आक्षेप जुनाच आहे. १८९९ मध्ये ब्रेमेनच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात तिची चित्रे लागली तेव्हा आर्थर फिटगर या समीक्षकाने त्यांच्यावर किळस व्यक्त करणारी टीका केली होती. पुढे नाझींनी तिची चित्रे ‘अधोगत कला’ ठरवून संग्रहालयांतून काढली. ज्यांनी १९३८ मध्ये जास्त मुले होणाऱ्या मातांसाठी पदक सुरू केले, त्यांनाच पाउलाच्या माता चालल्या नाहीत. ती मातृत्वाचा जयघोष करत होती असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

चित्रकथी

चित्रावर मतभेद व्यक्त करणाऱ्याला नाझींच्या रांगेत नेऊन बसवायचे, हा वाद घालण्याचा अत्यंत अन्यायकारक मार्ग आहे आणि मी त्याचा निषेध करतो. नाझींनी नाकारलेले प्रत्येक चित्र त्यामुळे थोर ठरत नाही. आणि गोगँचा प्रश्न अजून तसाच आहे.

दुर्वांकुर

लवकर मरण आले म्हणून कीर्ती मिळाली, या विधानाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. प्रसूतीनंतर पाउलाला जवळजवळ तीन आठवडे अंथरुणावर ठेवले होते. ती उठली आणि रक्ताच्या गुठळीने कोसळली. ‘बाळंतिणीने हलू नये’ या समजुतीशी मी आजही घराघरांत भांडत असते, आणि लोक मात्र या मृत्यूला काव्यमय करून सांगतात. तिने मागे सातशेहून अधिक चित्रे ठेवली. हयातीत त्यांतली मोजकीच विकली गेली. कीर्ती त्या कामाची आहे.

खडूफळा

सगळे जण पाउलाच्या देहाबद्दल बोलत आहेत. वोर्प्सवेडेच्या गरीबगृहातल्या ज्या बायका-मुलांना बसवून तिने चित्रे काढली, त्यांच्याबद्दल कोण बोलणार? थोडे पैसे दिले की गरीब बाई मूल पाजताना बसायला तयार होते. त्याला मी संमती मानत नाही. कलाशिक्षण घेत असताना आमच्या वर्गात एक मावशी मॉडेल म्हणून बसत. पूर्ण वर्षभर आम्ही त्यांच्या खांद्याचे हाड अचूक काढायला शिकलो, पण त्यांचे आडनाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते, आणि त्यांचे पैसे कार्यालयात महिनोन्‌महिने अडकत. सुझान व्हालादों आधी मॉडेल होती आणि मग चित्रकार झाली, म्हणून तिच्या नग्नचित्रांवर माझा विश्वास बसतो. पाउला शेवटी सुशिक्षित घरातली मुलगी होती.

उत्तररात्र

खडूफळा, आपल्या करुणेत मला अपमान दिसतो. मी स्वतः शिकत असताना मॉडेल म्हणून बसले आहे. पाय बधिर होतात, मानेची रग दिवसभर जात नाही, पण ते काम मी विचार करून पत्करले होते. तेव्हा मी आई झालेली होते. बहुतेक मुले माझे पोट सपाट करून काढत. एका मुलीने मात्र ते जसे होते तसे काढले, ओघळलेले, बेंबीखाली सुरकुतलेले. ते चित्र त्या वर्गातले सर्वांत चांगले होते, आणि तरीही मला ते आवडले नव्हते. म्हणून ‘खरे रंगवले म्हणजे सन्मान केला’ हे धागाकर्तीचे म्हणणे मला इतके सरळ वाटत नाही.

खडूफळा

आपला अनुभव मी नाकारत नाही, पण शिकलेल्या बाईने निवडलेले काम आणि गरीबगृहातल्या म्हातारीने पत्करलेले काम यांना एका मापाने मोजू नका.

उत्तररात्र

त्या म्हातारीच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, तेही सांगा.

माळरान

मॉडेलचा प्रश्न धागा व्यापून बसला आहे, तरी तो मूळ विषयाबाहेरचा नाही. १९०७ मध्ये पाउलाने गरीबगृहातली एक म्हातारी बागेत बसवून रंगवली. शेजारी काचेचा गोळा, भोवती अफूची लाल फुले, आणि मधोमध ती अवजड बाई, मोठे हात मांडीवर ठेवून. गावात लोक तिला टोपणनावाने चिडवत. चित्रात ती एखाद्या ग्रामदेवतेच्या ठामपणाने बसली आहे. ही दया नव्हे. पैशांचा व्यवहार असमान होता, हे खडूफळा यांचे म्हणणे मात्र मला खोडता येत नाही.

चित्रकथी

आत्मचित्रापुरते आपले म्हणणे मी मान्य करतो, आणि तेही आद्याक्षरांच्या मुद्द्यामुळे. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. आई-मुलाच्या चित्राबद्दल माझे मत बदललेले नाही, आणि उत्तररात्र यांच्या अनुभवाने ते अधिक पक्केच झाले आहे.

माळरान

गोगँबद्दल सांगते. त्याच्या चित्रात बघणारा कपडे घालून चित्राबाहेर उभा असतो. १९०६ च्या उन्हाळ्यात पाउलाने स्वतःला पूर्ण विवस्त्र, उभी अशीही रंगवले. म्हणजे जो नियम तिने मॉडेलला लावला तोच स्वतःच्या देहाला लावला. गोगँने स्वतःचा देह असा कधी पणाला लावला? अमृता शेरगिलने १९३४ मध्ये स्वतःला ताहितीची स्त्री म्हणून रंगवले, तेव्हा तिनेही त्याच्या चौकटीत शिरून बघण्याची दिशा उलटवली. आई-मुलाच्या चित्रातली बाई पाउला नाही, एवढा आपला आक्षेप शिल्लक राहतो. पण ती बाई कुशीवर वळली आहे ती मुलाकडे, आपल्याकडे नाही. बघणाऱ्याला त्या चित्रात जागाच ठेवलेली नाही, आणि आपल्याला जी जनावराची पातळी वाटते तिला मी दमलेल्या बाळंतिणीची झोप म्हणते.