ओरडणाऱ्या कोचला टेक्निकल कधी द्यावा?

बेसलाइन (धागाकर्ता):
बास्केटबॉलच्या पंचांनी कोचची ओरड किती खपवून घ्यावी? माझं मत: फार कमी. टेक्निकल (गैरवर्तनासाठीचा फाऊल) द्यायचाच असेल तर तो पहिल्या क्वार्टरमध्ये द्यावा, चौथ्याची वाट पाहू नये.

झालेला निर्णय बदलणार नाही, हे कोचला पक्कं ठाऊक असतं. तो ओरडतो ते पुढच्या निर्णयासाठी. ‘तीन सेकंद! तीन सेकंद!’ (म्हणजे समोरचा हल्लेखोर बास्केटखालच्या पेंटमध्ये जास्त वेळ थांबलाय) असा धोशा लावला की पंचाची नजर नकळत पेंटमधल्या उंच खेळाडूच्या पायांकडे जाते आणि तेवढ्यात बाजूच्या विंगवरची ढकलाढकली सुटते. ‘आमच्यावर सहा, त्यांच्यावर एक!’ ही आरोळी तर त्याहून वाईट. अमेरिकेतल्या कॉलेज सामन्यांवर 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्या संघाचे फाऊल कमी, त्याच्यावर पुढचा फाऊल लागण्याची शक्यता वाढते आणि फरक मोठा असेल तर आणखी वाढते, असं त्यात दिसलं. कोच नेमका तिथेच घाव घालत असतो.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत शिक्षाही माफक आहे. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो (बिनअडथळ्याची फेक) आणि खेळ थांबला होता तिथून पुढे सुरू. कोचला स्वतःच्या गैरवर्तनासाठी असे दोन लागले की तो बाहेर. मग पंच हात आखडता का घेतात?

पिव्हट_फूट:
साफ असहमत. पंचाकडे टेक्निकलच्या आधी बरंच काही असतं आणि चांगला पंच ते सगळं वापरतो.

बेंचसमोर उभा असलेला ट्रेल पंच (खेळाच्या मागून येणारा) नीट बघा. मान वळवत नाही, नजर खेळावर ठेवतो आणि बॉल डेड झाला (खेळ थांबला) की एका वाक्यात सांगतो, ‘हात बॉलला आधी लागला, मला मोकळं दिसत होतं.’ कोचने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं, नुसती शेरेबाजी असेल तर सोडून द्यायची. थांबत नसेल तर तळहात दाखवायचा: आता पुरे. त्यानंतरही चालूच राहिलं तर शिट्टी. टेक्निकल दिल्यावर कोचकडे रोखून बघायचं नाही, टेबलला कळवायचं आणि दूर जायचं. समजूत घालायची ती सहकारी पंचाने.

टेक्निकलने माणूस शांत होतो, हे कुठे सिद्ध झालंय? 23 फेब्रुवारी 1985 ला इंडियाना विद्यापीठाचे कोच बॉब नाइट यांनी पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध कोर्टवर खुर्ची फेकली ती टेक्निकल मिळाल्यानंतरच. 3 एप्रिल 2019 ला डेन्व्हरमध्ये स्पर्सचे तेव्हाचे कोच ग्रेग पोपोविच टेक्निकल मिळून अवघ्या 63 सेकंदांत बाहेर गेले. त्यात खेळाचं काय भलं झालं?

सहावा_खेळाडू:
मूळ मुद्द्याला +१. आणि सहायक कोचबद्दल कोणीच बोलत नाही! फिबाच्या नियमाप्रमाणे पहिल्या सहायकाने पंचांशी बोलायचंच नसतं. हेड कोच आणि तो, दोघांपैकी एका वेळी एकानेच उभं राहायचं. प्रत्यक्षात अख्खं बेंच उभं राहून कोरस धरतं.

सेकंड_युनिट:
मी ज्युनिअर मुलींना शिकवते, म्हणून दुसरी बाजू मांडते. माझी शूटर उडी मारून खाली येते आणि बचाव करणारी तिच्या पायाखाली पाऊल सरकवते. घोटा मुरगळतो तो असाच. पंचाने एकदा सोडलं, दुसऱ्यांदा सोडलं, तर मी ओरडणारच. मी गप्प बसले तर ती मुलगी पुढचा शॉट बिचकत घेईल.

एनबीएमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) 2019-20 पासून कोचला चॅलेंज आहे, म्हणजे निर्णय व्हिडिओवर तपासून मागता येतो. 2023-24 पासून पहिलं यशस्वी झालं तर दुसरंही मिळतं. त्यासाठीसुद्धा टाइमआउट शिल्लक लागतो. आमच्या सामन्यांना कॅमेराच नसतो, तर मी चॅलेंज कशाच्या जोरावर करू? माझ्याकडे आवाज आहे, एवढंच.

बेसलाइन:
@सेकंड_युनिट, पायाखाली पाऊल घालणं धोक्याचंच आहे, त्यावर दुमत नाही. पण ‘सात नंबर लँडिंगला पाय घालतेय, लक्ष ठेवा’ हे बॉल डेड असताना सांगितलंत, तर पंचाला कुठे बघायचं ते कळतं. ‘अहो, दिसत नाही का?’ यातून त्याच्या हाती काही लागत नाही. पहिल्या वाक्याला कोणीही टेक्निकल देऊ नये, कितीही मोठ्याने म्हटलं तरी.

@पिव्हट_फूट, तुम्ही वर्णन केलेला पंच मुरलेला आहे. नव्या पंचाचं काय? वयाने दुप्पट असलेला कोच अंगावर ओरडतोय आणि आपण सांगतोय, तळहात दाखव, समजूत काढ. त्यातले कित्येक थोड्याच दिवसांत शिट्टी ठेवून देतात. त्यांना लवकर टेक्निकल द्यायची मुभा आणि आयोजकांचं पाठबळ दोन्ही हवं. खुर्चीचं म्हणाल, तर ती नाइट यांनी फेकली. पंचाच्या शिट्टीवर तिचं खापर कशाला?

पिव्हट_फूट:
नव्या पंचांना पाठबळ हवं, मान्य. पण त्यांना बोलायला शिकवण्याऐवजी शिट्टीच हातात दिली तर ते कधीच मुरणार नाहीत. एकच विचारतो. गुण बरोबरीत आहेत, 40 सेकंद उरलेत आणि कोच ओरडतोय, ‘हा चार्ज होता!’ (म्हणजे हल्लेखोराने बचावपटूला धडक दिली.) तुम्ही टेक्निकल द्याल?

बेसलाइन:
तेवढ्यावर नाही. पण शिवी आली किंवा तो कोर्टच्या आत आला, तर देईन, 40 सेकंद असोत की चार. पहिल्या क्वार्टरमध्ये ज्या शब्दांना दिला, त्याच शब्दांना तेव्हाही द्यायला हवा. घड्याळ बघून नियम सैल केला तर समोरच्या संघावर अन्याय होतो.

पिव्हट_फूट:
शिवीला मीही देईन. कोर्टच्या आत एक पाऊल आलं, तर मात्र त्याला हाताने मागे सरकायला सांगेन, सहकाऱ्याला त्याच्या बाजूला पाठवेन आणि थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं) देऊन खेळ पुढे सुरू करेन.