लंडनमध्ये टॅक्सी कोणती, हाही प्रश्न आहे

‘रात्री दहानंतर मेट्रो टाळून सरळ टॅक्सी करावी’ हा एकट्याने प्रवास करणाऱ्या बायकांना दिला जाणारा सल्ला लंडनपुरता तरी मला अर्धवट वाटतो. तिथे रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते ती फक्त काळी टॅक्सी (छतावरचा नारिंगी दिवा पेटलेला असला की ती रिकामी आहे असे समजावे). मिनिकॅब (म्हणजे ॲपवरून किंवा फोनवरून मागवायची खासगी भाड्याची गाडी) मात्र आधी बुक केलेली असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा रात्री साडेअकराच्या सुमारास स्टेशनाबाहेर एक गृहस्थ अगदी अदबीने ‘कॅब, मॅडम?’ म्हणत माझ्या बॅगेच्या मुठीला हात घालू लागले. बुकिंग कोणाच्या नावावर आहे असे विचारताच ते दुसऱ्या प्रवाशाकडे वळले. तेव्हापासून मी माझे नाव आपणहून सांगत नाही, ते चालकानेच सांगायचे, आणि बसण्यापूर्वी नंबर प्लेट ॲपमधल्या क्रमांकाशी ताडून पाहायची.

मेट्रो सरसकट टाळण्याचे कारण मला दिसत नाही. डब्यात कोणी मुद्दाम खेटत असेल किंवा टक लावून पाहत असेल, तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ या क्रमांकावर मेसेज करता येतो, म्हणजे त्या माणसादेखत फोनवर बोलावे लागत नाही. मार्गिका, गाडीची दिशा, पुढचे स्थानक आणि त्या माणसाचे वर्णन, एवढे लिहिले तरी पुरते. जिवावरचा प्रसंग असेल तर मात्र थेट ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.