'गेट' आणि स्पॅनिशमधलं 'से'

इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश भाषकांना 'गेट' (get) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'ओब्तेनेर', म्हणजे मिळवणे, एवढाच सांगावा आणि बाकीचं सवयीवर सोडावं, असं एक मत आहे. ते मला पटत नाही. पत्र मिळालं तर त्यांच्याकडे 'रेसिबिर', घरी पोचलो तर 'येगार', समजलं तर 'एन्तेन्देर'. इंग्रजीत सगळीकडे 'गेट'! हे निदान पाठ करता येतं.

खरी मेख आहे ती स्थिती बदलण्याची. तिथे त्यांच्याच भाषेतला एक धागा हाती देता येतो. क्रियापदाच्या शेवटी 'से' लागलेलं बघा: 'कासार्से' (लग्न करणे) म्हणजे गेट मॅरिड, 'कान्सार्से' (दमणे) म्हणजे गेट टायर्ड, 'पेर्देर्से' (वाट चुकणे) म्हणजे गेट लॉस्ट, 'बेस्तिर्से' (कपडे घालणे) म्हणजे गेट ड्रेस्ड. हे एकदा दाखवलं की शिकणारा पुढचे शब्द आपणहून जुळवायला लागतो.

अर्थात हा नियम डोळे झाकून लावू नये. 'लाबार्से'ला इंग्रजीत साधं वॉश पुरतं. 'पोनेर्से नेर्बिओसो' म्हणजे गेट नर्व्हस, पण 'केदार्से सोर्दो' (बहिरं होणे) आणि 'बोल्बेर्से लोको' (वेडं होणे) यांना गो: गो डेफ, गो क्रेझी. डॉक्टर होण्याला, म्हणजे 'आसेर्से मेदिको'ला, बिकम लागतं. एका 'होणे'साठी स्पॅनिशमध्ये इतकी क्रियापदं आहेत, त्यामुळे हा भेद त्यांना परका मुळीच नाही. फक्त दोन्हीकडच्या सीमारेषा वेगळ्या आहेत, आणि शिकवताना वेळ द्यायचा तो तिथेच.