बारावीतल्या मुलीची नोकरी: आठवड्याला किती तास?

सह्यवारा

नमस्कार. आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात राहतो. माझी मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आहे आणि गेल्या उन्हाळ्यापासून एका किराणा दुकानात कॅशियर म्हणून काम करते. ऑक्टोबरपर्यंत माझी काहीच तक्रार नव्हती, कारण या राज्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शाळा चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम सहसा देता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रात्री दहानंतर थांबवूनही घेता येत नाही. ऑक्टोबरमध्ये ती १८ वर्षांची झाली आणि पुढच्याच वेळापत्रकात तिचे तास २०वरून २७ झाले. ती अजून शाळेत जाते, पण वय पूर्ण झाले की हा नियम तिला लागू होत नाही.

आता आठवड्यातून तीन रात्री ती दुकान बंद करून साडेअकराला घरी येते, बूट दारात काढते आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून फोनवर पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट पाहत राहते. पाचेक मिनिटे गेल्याशिवाय ती वर जात नाही. चौथीपासून वाजवत असलेले व्हायोलिन तिने ठेवून दिले आहे, म्हणजे शाळेचा ऑर्केस्ट्रा सोडला आहे. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "बाबा, तिथे मी मागच्या रांगेत चौदावी आहे. दुकानात मी गेले नाही तर गिऱ्हाईकं खोळंबतात." यावर मला उत्तर सुचले नाही.

बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत भरायचे आहेत. ऑर्केस्ट्रा सोडून किराणा दुकानातले काम धरले, हे प्रवेश समितीला कसे दिसेल? आणि कायद्याने सज्ञान झालेल्या मुलीला तास कमी कर म्हणून सांगावे की सांगू नये?

मोरपीस

आमचा मुलगा दोन वर्षांपूर्वी या सगळ्यातून गेला, म्हणून आधी अर्जाबद्दल लिहिते. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक महाविद्यालयांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जात, शाळेबाहेरच्या उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि पगारी काम हा त्यातला एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यामुळे ही नोकरी कुठेतरी कोपऱ्यात दडवण्याचे कारण नाही. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला मात्र १५० अक्षरेच मिळतात, म्हणजे मराठीतले एक बेताचे वाक्य. "ग्राहकांना सेवा दिली" असे लिहून ती वाया घालवू नयेत. किती तास, कोणत्या जबाबदाऱ्या, नव्या मुलांना शिकवले का, दिवसअखेर गल्ल्याचा हिशेब कोण जुळवते, हे लिहावे. तुमच्या मुलीला केळ्यांचा कोड ४०११ आहे हे झोपेतही सांगता येत असेल. माझ्या मुलाला अजून येतो, आणि त्याच्या निबंधाची सुरुवात त्या चार आकड्यांपासूनच झाली होती.

ऑर्केस्ट्राबद्दल एक विचारते, राग मानू नये. आपल्या मंडळींना व्हायोलिन सुटल्याचे जेवढे वाईट वाटते, तेवढे ते व्हायोलिनसाठी असते की चारचौघांत सांगायला बरे असते म्हणून? मला स्वतःला हा प्रश्न बराच काळ टोचत होता.

पैशाचे थोडक्यात. आर्थिक मदतीच्या फाफ्सा अर्जात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरतात, त्यामुळे तिची आत्ताची कमाई पहिल्या वर्षाच्या अर्जात दिसणार नाही. पुढच्या एखाद्या वर्षी ती येईल, पण विद्यार्थ्याच्या कमाईचा ठरावीक मर्यादेपर्यंतचा भाग वगळला जातो. शिवाय कमावलेले उत्पन्न असल्यामुळे तिला रॉथ खाते, म्हणजे निवृत्तीसाठीचे बचत खाते, उघडता येईल. माझ्या मुलाने त्यात पैसे टाकायला साफ नकार दिला आणि जुनी गाडी घेतली, हेही सांगून टाकते.

पैलतीर

हा धागा वाचताना थोडे वाईट वाटले, कारण आमच्या घरी हा प्रश्न उभाच राहिला नाही. आमचा मुलगा एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, आहे आणि एच-४वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. २०१५पासून काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला, पण मुलांना त्याचा उपयोग नाही. शिवाय ग्रीन कार्ड लांबले तर एकविसाव्या वर्षी हा आश्रित दर्जाही संपतो, म्हणून आमचे त्या तारखेकडे कायम लक्ष असते.

बारावीत त्याचे मित्र पहिल्या पगाराची चिठ्ठी एकमेकांना दाखवत आणि त्यातून कापलेल्या सामाजिक सुरक्षा करावर हसत. हा तेव्हा गप्प बसे. शनिवारी तो ग्रंथालयात परत आलेली पुस्तके लावत असे, तेही नीट चौकशी करून, कारण एरवी पगार देऊन करून घेतले जाते असे काम फुकट केले तरी अडचण येऊ शकते. रोज संध्याकाळी धाकट्या बहिणीला पोहण्याच्या वर्गाला नेणे, तिचा अभ्यास घेणे आणि आम्ही येईपर्यंत कुकर लावून ठेवणे हे त्याचेच काम होते. कॉमन ॲपमध्ये कौटुंबिक जबाबदाऱ्या असाही प्रकार आहे हे शाळेच्या काउन्सेलरने सांगितले, तोवर हे लिहिण्याजोगे असते असे आम्हाला वाटलेच नव्हते.

सह्यवारा, तुमच्या मुलीला आपण खोळंबलो तर कोणाचे तरी अडते, हा अनुभव सतराव्या वर्षी मिळाला. तो काढून घेण्याआधी दोनदा विचार करावा, एवढेच सुचवतो.

गृहपाठ

मी दुसऱ्या एका राज्यात हायस्कूलमध्ये शिकवते. वरच्या दोघांचे म्हणणे मला पटते, पण मूळ प्रश्न तासांचा होता आणि तो मागे पडला आहे.

साडेअकराला घरी आलेली मुलगी साडेबाराच्या आधी झोपत नसणार, आणि शाळेसाठी सव्वासहाला उठत असेल तर पावणेसहा तास झोप झाली. १३ ते १८ या वयाला झोपतज्ज्ञ आठ ते दहा तास सांगतात. आठवड्यातून तीन रात्री हे चालले, तर माझ्यासारखीला ते पहिल्या तासाला समोर दिसते. मूल उद्धट नसते, आळशी नसते, फक्त प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला दोन सेकंद जास्त लागतात. मिशिगन विद्यापीठ १९७५पासून दर वर्षी देशभरातल्या बारावीच्या विद्यार्थ्यांची पाहणी करते. जास्त तास काम करणाऱ्या मुलांची झोप कमी पडते आणि त्यांचा सकाळचा नाश्ताही बुडतो, असे त्या माहितीच्या आधारे अभ्यासकांनी मांडलेले आहे. अर्थात सगळा दोष नोकरीचा नाही, कारण ज्यांचे मन शाळेतून आधीच उडालेले असते तीच मुले पुष्कळदा जास्त तास मागून घेतात. तुमची मुलगी त्यातली आहे का, हे तुम्हालाच ठाऊक.

अर्ज पाठवला की काम संपले, असेही नाही. बारावीच्या अर्ध्या वर्षाचे गुण आणि शेवटी अंतिम गुणपत्रक महाविद्यालयाकडे जाते. गुण फारच घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो.

म्हणून नोकरी सोडायला लावू नका. रात्रीच्या शिफ्ट कमी करायला सुचवा. कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत येऊ शकते, हे तिने दुकानात लेखी कळवले होते का, आणि १८ पूर्ण झाल्यावर ते बदलून दिले का, हे तिला विचारा. वयाची अट उठली म्हणजे मिळेल ती शिफ्ट घ्यावीच लागते, असे पुष्कळ मुलांना उगीच वाटते. आणि कृपा करून तिच्या व्यवस्थापकाला स्वतः फोन करू नका. १८ पूर्ण झाल्यावर शाळेच्या नोंदींवरचे हक्कसुद्धा १९७४च्या कायद्याप्रमाणे पालकांकडून तिच्याकडे जातात. नोकरी तर पहिल्यापासून तिचीच होती.

सह्यवारा

सर्वांचे आभार. मोरपीस, टोचले, पण राग नाही.

काल रात्री ती पायरीवर बसली होती तेव्हा मीही शेजारी बसलो. तास कमी कर असे म्हणालो नाही, फक्त दुकानाला वेळ कळवली आहेस का, एवढे विचारले. तिने फोन माझ्याकडे वळवला. उन्हाळ्यात नोकरीला लागताना तिने सगळे दिवस, सगळ्या वेळा मोकळ्या म्हणून भरल्या होत्या, कारण तेव्हा सुट्टी होती. शाळा सुरू झाल्यावर ते बदलायला ती विसरली. मग तिथेच बसून तिने सोमवार ते गुरुवार रात्री नऊपर्यंत असे केले, शुक्रवार-शनिवार तसेच ठेवले आणि बदल पाठवून दिला. त्याला मान्यता मिळते का ते पुढच्या आठवड्यात कळेल.

ऑर्केस्ट्रात ती परत जाणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. आता एकच विचारायचे राहिले. व्हायोलिन भाड्याचे आहे आणि पैसे दर महिन्याला जातात. ते आत्ताच परत करावे, की जूनपर्यंत घरात राहू द्यावे?