भाषणातला नको, पाहिलेला गरुड सांगा

चाळिसाव्या वर्षी गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नखं उपटतो आणि नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो, हा संदेश आज पुन्हा आला. चोच तुटलेला गरुड तोवर खाणार काय, हे कुणी विचारत नाही. चोच आणि नखं आयुष्यभर वाढतात आणि वापराने झिजतात, उपटायची गरजच नसते. तर ज्यांनी खरा गरुड पाहिलाय त्यांनी लिहा. काय करत होता तेवढंच. प्रेरणा नको.

रानवाट
बसला होता. खरंच, गरुड बहुतेक वेळ बसलेलाच असतो. जंगलात वाळक्या फांदीवर तुरेवाला सर्पगरुड दिसला. सकाळभर मान फिरवण्यापलीकडे हालचाल नाही. ऊन तापून हवा वर चढायला लागली तेव्हा कुठे उठला आणि पंख न हलवता गोल गोल वर गेला. एवढं अंग पंख मारून वर न्यायचं म्हणजे ताकद वाया, म्हणून तो गरम हवेची वाट पाहतो. पुढे एकदा त्याला साप धरतानाही पाहिलं. विष त्याला बाधत नाही असं ऐकून होतो, पण त्याचा भरवसा पायांवरच्या जाड खवल्यांवर आणि चपळाईवर असतो.

पट्टी_बांधणारी
जखमी पक्ष्यांवर उपचार करते. नवीन माणूस हमखास चोचीला घाबरतो. आम्ही सांगतो, पाय सांभाळा! मागच्या बोटाचं नख सगळ्यांत दणकट असतं, आणि भक्ष्य मरतं ते त्या पकडीने. चोच नंतर, फाडायला. चामडी हातमोज्यातूनही ती पकड कळते.

डोळ्यांवर टोपी चढवली की तोच पक्षी निमूट होतो, कारण त्याचं सगळं जग डोळ्यांत आहे. आपल्या डोळ्यात तीक्ष्ण दिसण्याची एक जागा असते, गरुडाच्या प्रत्येक डोळ्यात दोन: एक समोरचं बघायला, एक बाजूचं. बुबुळं मात्र खोबणीत फारशी फिरत नाहीत, म्हणून सारखी मान वळवतो. तो रागीट चेहरासुद्धा डोळ्यांवरच्या हाडाच्या कडेमुळे. रागाचा संबंध नाही.

खारा_वारा
किनाऱ्यावर उंच झाडावर समुद्रगरुडाची जोडी आहे. दरवर्षी त्याच घरट्यात नव्या काटक्या आणतात. दोघांतला मोठा पक्षी म्हणजे मादी. शिकारी पक्ष्यांत बहुधा असंच असतं. मासा धरताना पाण्यात बुडी नाही, वरच्या वर पायांनी उचलतात.

दूरदेशी
अमेरिकेत राहतो. इथला राष्ट्रीय पक्षी, पांढऱ्या डोक्याचा गरुड, मी पहिल्यांदा पाहिला तो कचरा डेपोवर. नंतर नदीवर पाहिला, तर मत्स्यगरुडाने कष्टाने धरलेला मासा हवेत हिसकावत होता. आवाज म्हणाल तर किरकिरा, बारीक. चित्रपटात ऐकू येते ती दमदार किंकाळी बहुतेकदा तांबड्या शेपटीच्या ससाण्याची उसनी घेतलेली असते.

तरीही या चोरट्याचं कौतुक आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अलास्का-हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत 1963 साली याच्या 417 जोड्या उरल्या होत्या. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि 2007 मध्ये तो धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला.

चिमणदाणा
घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं थेट चित्रण बघत होते. मोठं पिल्लू धाकट्याला टोचून टोचून मारत होतं, आई शेजारी शांत. बंद केलं. नंतर कारण कळलं: पहिलं अंडं घातल्याबरोबर उबवणं सुरू होतं, म्हणून थोरलं काही दिवस आधी जन्मतं आणि तेवढंच बळकट होतं. आफ्रिकेतल्या व्हेरो गरुडात तर दुसरं पिल्लू जवळजवळ कधीच वाचत नाही. बाळांच्या शौर्यकथा सांगणाऱ्यांनी हेही सांगावं.

उन्हाळी_ढग
कोतवाल पक्ष्याने गरुडाच्या पाठीवर चोची मारत त्याला पार टेकडीपलीकडे नेऊन सोडलं. गरुडाने उलटून बघितलंसुद्धा नाही. मजा आली.

नवखा
आमच्यावर रोज घिरट्या घालतो तो गरुडच ना?

धागाकर्ता
नवखा, बहुधा घार. शेपटीला मधे खाच दिसली तर नक्कीच. गरुडाची शेपटी टोकाला सरळ किंवा गोलसर, पंख रुंद आणि पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली. फोटो टाका, पण शेपटी येईल असा.